कागद पुरे, झोप अपुरी

बेळगावातून वेंगुर्ल्याकडे निघालं की कॅम्प मागे पडतो आणि हिंडलगा गाव लागतं. बाहेरगावच्या लोकांना हे नाव मध्यवर्ती कारागृहामुळे ठाऊक असतं. मालवाहतुकीचा विचार करणाऱ्यासाठी मात्र इथली खूण दुसरीच आहे, ती म्हणजे बॉक्साईट रोड. चंदगडच्या अंगच्या खाणींतला बॉक्साईट इंडालच्या, म्हणजे आताच्या हिंदाल्कोच्या कारखान्याकडे नेणाऱ्या ट्रकांनी त्या रस्त्याला हे नाव दिलं. हिंडलग्याहून पुढे सुळगा, तुरमुरी, बाची, आणि मग शिनोळी. शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. रस्ता तोच, भाषाही तीच, पण आता गाडीचे कागद तपासणारं खातं दुसऱ्या राज्याचं.

या भागातला सीमाप्रश्न पुढाऱ्यांच्या भाषणांत अधूनमधून येतो, ट्रकवाल्याला तो रोज भेटतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हा विम्यातली एक बारीक ओळ एकदम महत्त्वाची ठरली. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर दंगलीत फुटलेली काच मालकाच्या खिशातून भरायची, पूर्ण विमा असेल तर ती कंपनीकडे मागता येते. कुठल्या गाडीचा कुठला विमा आहे हे अशा वेळी लगेच सांगता येणं, एवढ्यापासूनच या प्रकरणाचा विषय सुरू होतो.

आपल्याकडे ट्रकधंदा म्हटलं की हुबळीच्या व्हीआरएलसारखी हजारो गाड्यांची कंपनी डोळ्यांसमोर येते. १९७६ मध्ये गदगला एका ट्रकवर सुरू झालेला तो व्यवसाय आज स्वतःच्या वर्कशॉपसह चालतो आणि तिथे कागद सांभाळायला वेगळी माणसं असतात. पण देशातले बहुतेक ट्रक अशा कंपन्यांचे नाहीत, ते दोन, चार, पाच गाड्यांच्या मालकांचे आहेत. तेव्हा हिंडलग्यातला पाच गाड्यांचा एक मालक कल्पून त्याचा हिशेब मांडू. तीन गाड्यांना केए २२ नंबर, दोन जुन्या घेतलेल्या, त्यातली एक एमएच ०९ वरून इकडे नावावर करून आणलेली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं कास्टिंग पुण्याला, भाजीपाला गोव्याकडे आणि सिंधुदुर्गात, परतीला मिळेल ते भाडं.

एका गाडीच्या तारखा मोजू. कर्नाटकात मोठ्या मालवाहू गाडीचा टॅक्स तिमाहीनं भरायचा, म्हणजे वर्षाला चार तारखा. विमा एक. नॅशनल परमिट पाच वर्षांचं असलं तरी त्याचं ऑथोरायझेशन दरवर्षी. पीयूसी गाडीच्या इंजिनाच्या मानकाप्रमाणे वर्षातून एकदा किंवा दोनदा. पासिंग, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरसाल. गाडी जुनी असेल तर वर्षाकाठी आठ-नऊ तारखा होतात, पाच गाड्यांच्या चाळीसच्या वर. त्यात ड्रायव्हरांची लायसन्सं वेगळी. चाळीस तारखा लक्षात ठेवणं अवघड नाही, लक्षात राहतील असा भरवसा ठेवणं धोक्याचं.

कारण या तारखा सुट्या नाहीत. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण करू नये असं सांगितलं होतं; ती अट २०२४ मध्ये मागे घेतली गेली, पण बाकीच्या कड्या आहेतच. विमा नसेल तर पासिंग होत नाही, टॅक्स थकला असेल तरी होत नाही, आणि पासिंग संपलेली गाडी परमिट असूनही रस्त्यावर चालवता येत नाही. यातली एक तारीख राहिली की महिन्याभरात भरलेली गाडी उभी राहते. जुने मालक हे सगळं एजंटावर सोडत. एजंट वाईट असतो असं नाही, पण त्याच्याकडे दोनशे गाड्यांच्या फायली असतात आणि तारीख चुकली तर दंड त्याला भरायचा नसतो.

लायसन्सची एक गोष्ट तर अजून कित्येकांना पटत नाही. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालायचं. २०१९ च्या दुरुस्तीनं मालवाहू गाडीच्या लायसन्सची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष करता येईल अशी सोय दिली, आणि ते तीस दिवस काढून टाकले. पंचवीस वर्षं गाडी चालवणारा ड्रायव्हर ‘महिनाभर चालतंय की’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, त्याची माहिती जुनी झालेली असते. छोट्या टेंपोंच्या बाबतीत उलटं झालं. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. म्हणजे मालकाच्या वहीत ‘लायसन्स आहे’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या वर्गाचं, कधीपर्यंत, आणि कुठल्या गाडीला चालणारं, हे तिन्ही रकाने लागतात.

आता सीमेकडे परत येऊ. शिनोळीला किंवा कोगनोळी ओलांडून कागलकडे गेल्यावर महाराष्ट्राचा अधिकारी गाडी थांबवतो, तेव्हा तो पूर्वीसारखा प्लास्टिकच्या पिशवीतला गठ्ठा उघडायला लावेलच असं नाही. गाड्यांची नोंद ‘वाहन’मध्ये आणि लायसन्सांची ‘सारथी’मध्ये, या दोन राष्ट्रीय नोंदवह्यांत, दोन्ही राज्यांना एकच चित्र दिसतं. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमच असा आहे की जे कागद संगणकावर पडताळता येतात ते छापील स्वरूपात मागायचे नाहीत. डिजिलॉकरमधली किंवा एम-परिवहन ॲपमधली प्रत चालते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाकेही गेले. सीमाभागातल्या ट्रकवाल्याचं आयुष्य यानं सोपं झालं हे खरंच आहे.

पण नोंद एकच झाली की नोंदीतली चूकही सगळीकडे एकच दिसते. आपल्या मालकानं जुनी घेतलेली ती एमएच ०९ची गाडी घ्या. आरसी नावावर झाली, पण ‘वाहन’मध्ये मोबाईल नंबर आधीच्या मालकाचाच राहिला असेल, तर ई-चलनाचे मेसेज कागलमधल्या कुणाच्या तरी फोनवर जातात. दंड साठत जातो आणि पुढच्या कामाच्या वेळी गाडी काळ्या यादीत असल्याचं कळतं. कर्ज फेडूनही बँकेचा बोजा आरसीवरून उतरलेला नसतो. म्हणून गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात सरकारी नोंद आणि हातातले कागद शेजारी ठेवून चासी नंबरापासून मोबाईल नंबरापर्यंत ताडून पाहणं, हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधीचं काम आहे. सॉफ्टवेअर विकणारे हे सांगत नाहीत, कारण ते काम करायला सॉफ्टवेअर लागत नाही.

तारीख चुकल्याची खरी किंमत चलनात दिसत नाही, ती अपघातानंतर दिसते. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. लायसन्स, परमिट, फिटनेस, विमा हे सगळं त्यात पडताळून येतं. एखादा कागद त्या दिवशी मुदतबाह्य असेल तर विमा कंपनी हात वर करते. सर्वोच्च न्यायालयानं यातून काढलेली वाट मालकांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. लायसन्सबाबत २००४ च्या स्वरन सिंग खटल्यात आणि परमिटबाबत २०१८ च्या अमृत पाल सिंग खटल्यात जी दिशा ठरली ती अशी: मृताच्या घरच्यांना भरपाई विमा कंपनीनं आधी द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. पीडिताच्या दृष्टीनं हे न्याय्यच आहे. पाच गाड्यांच्या मालकाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा, की हप्ता भरलेला विमा असूनही लाखो रुपयांची वसुली त्याच्या दारात येऊ शकते.

इथवरच्या सगळ्या नोंदी कुणीतरी मागतो म्हणून ठेवायच्या. आरटीओ मागतो, विमा कंपनी मागते, फाउंड्रीचा मोठा ग्राहकही हल्ली मागतो. माझ्या मते सुरक्षिततेच्या नोंदींचा महत्त्वाचा भाग याच्या पलीकडे आहे, आणि तो कुणीच मागत नाही.

आंबोलीचा घाट घ्या. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे. सहाचाकी ट्रकचं माल धरून मान्य वजन २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टन झालं, दहाचाकीचं २५ वरून २८.५. साडेअठरा टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे नऊ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ही अडीच लिटर डिझेल जाळल्यावर निघेल एवढी उष्णता आहे. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर तिचा मोठा वाटा इंजिन झेलतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली तर ती सगळी ब्रेकच्या लायनरांवर येते, लायनर तापले की पकड ढिली होते, आणि चार वळणांनंतर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. जादा भरलेला प्रत्येक टन या उष्णतेत आपली भर घालतो. जादा भाराला कायद्यात वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे तो उगाच नाही.

पासिंगच्या दिवशी ब्रेक उत्तम होते, एवढंच फिटनेस सर्टिफिकेट सांगतं. आज लायनर किती उरलेत हे सांगणारी एकच जागा आहे: गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरनं भोवती मारलेली फेरी आणि त्याची नोंद. टायर, हवेचा दाब, ब्रेकची हवा, पाटे, मागचे दिवे, रिफ्लेक्टर पट्ट्या. अमेरिकेत आणि युरोपात अशी तपासणी धंद्याचा नेहमीचा भाग आहे. आपल्याकडेही चांगला ड्रायव्हर टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखतोच. लिहीत मात्र नाही, आणि न लिहिण्याचं कारण आळस नसतं. ‘डावीकडचा मागचा ब्रेक कमी’ असं ड्रायव्हरनं लिहिलं आणि मालकानं गाडी तशीच पाठवली, तर पुढे कोर्टात ती ओळ मालकाच्या विरोधात उभी राहील, हे दोघांनाही कळतं. म्हणून बोलणं फोनवर होतं आणि फोनवरच विरतं. मला विचाराल तर ही भीतीच त्या ओळीचा उपयोग आहे. दोष, तो कुणी सांगितला, कुणी दुरुस्त केला, कधी, हे चार रकाने असलेली शंभर पानी वही गॅरेजमध्ये टांगली तर ती एखाद्या महागड्या ॲपच्या बरोबरीनं काम करते, कारण लिहिलेला दोष मिटवल्याशिवाय गाडी सोडायला मालकाचा हात कचरतो.

दुसरी न मागितली जाणारी नोंद झोपेची. इथे कायदा नाही असं नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. आपला पाच गाड्यांचा मालक नेमका त्या उंबरठ्यावर उभा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नं तेच तास मालवाहू गाडीवरच्या प्रत्येक चालकाला लावले, आणि कामाचे तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. १९६१ चा कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत सामावला गेला. तास कागदावर राहिले. नाक्यावर परमिट पाहिलं जातं, पीयूसी पाहिली जाते, ‘शेवटचा कधी झोपलास’ हे विचारलं जात नाही. उलट नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत हा जुना नियम २०१८ मध्ये काढून टाकला गेला. तो तरी कोण पाळत होतं म्हणा, दुसरा ड्रायव्हर म्हणून क्लीनरच दाखवला जायचा.

बाहेर काय चालतं? युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं, आणि २००६ पासून नव्या ट्रकांत बसलेला डिजिटल टॅकोग्राफ ते नोंदवतो. अमेरिकेत दहा तास सुटी घेतल्यावर चौदा तासांच्या आत अकरा तास गाडी चालवता येते. तिथे दशकानुदशकं हे कागदी वहीत लिहिलं जाई आणि ड्रायव्हर लोक त्या वहीला चेष्टेनं ‘कॉमिक बुक’ म्हणत, इतकी तिच्यातली गोष्ट रचलेली असे. डिसेंबर २०१७ पासून इंजिनाला जोडलेलं यंत्र सक्तीचं झालं. तासांची लबाडी झपाट्यानं कमी झाली. पण ॲलेक्स स्कॉट, अँड्र्यू बॉलथ्रॉप आणि जेसन मिलर या अभ्यासकांनी २०२१ मध्ये दाखवलं की अपघात कमी झाले नाहीत, आणि छोट्या मालकांच्या ड्रायव्हरांत वेगमर्यादा मोडण्यासारखे प्रकार वाढले. तास बांधले, पण पोचायची वेळ आणि मिळणारे पैसे तेच राहिले, म्हणून माणसानं वेग वाढवला.

बेळगाव-पुणे मार्गावर या निष्कर्षाचा अर्थ लावायला वेगळं यंत्र लागत नाही. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. प्रत्येक टोलनाक्यावर फास्टॅगची वेळ उमटते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे प्रत्येक मालकाच्या खात्यात गाडीच्या हालचालीची नोंद आधीच साठलेली आहे. तो ती फक्त किती पैसे गेले हे पाहायला उघडतो. दोन नाक्यांमधलं अंतर ठाऊक आहे, वेळ छापलेली आहे. सरासरी वेग निघतो आणि गाडी मध्ये थांबली की नाही हेही निघतं. हत्तरगीपासून खेड-शिवापूरपर्यंत कुठेच अर्धा तासही वाढलेला दिसत नसेल, तर ड्रायव्हर न थांबता गेला. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीची परतीची नोंद दुपारीच सुरू झाली असेल, तर तो किती झोपला असेल याचा अंदाज बांधता येतो. मालक लोक जीपीएस बसवतात ते बहुधा डिझेलचोरी धरायला. तोच जीपीएस घाटातला वेग दाखवतो, पण तो आलेख क्वचितच कुणी पाहतं.

आणि तरीही फास्टॅग अर्धीच गोष्ट सांगतो. तो गाडी चालल्याचे तास मोजतो, माणूस जागा असल्याचे नाही. उद्यमबागेत सकाळी दहाला गाडी लागली, माल भरायला हमाल दुपारी आले, काटा व्हायला संध्याकाळ झाली, बिल्टी रात्री आठला हातात पडली. ड्रायव्हर दिवसभर केबिनच्या उन्हात बसून होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, आपल्या मालकाच्या पाचही गाड्या त्याआधीच्या. रात्री आठला तो पुण्याकडे निघतो तेव्हा नोंदीत त्याचा दिवस तिथून सुरू होतो. वर ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी चालू झालेली असते. पुण्याच्या फेरीला ती पुरते, पण दिल्लीकडच्या फेरीत पहिला दिवस गोदामाच्या दारातच गेला की पुढचे दिवस घाईचे होतात. अमेरिकेतले ते चौदा तास याच्यासाठीच आहेत. वाट पाहण्यात गेलेला वेळही त्यात मोजला जातो.

म्हणून मालकाच्या वहीत आणखी दोन वेळा हव्यात: गाडी मालासाठी लागली ती, आणि माल भरून सुटली ती. त्या बिल्टीवर लिहाव्यात आणि माल देणाऱ्याची सही त्यावर घ्यावी. सुरुवातीला फाउंड्रीचा गेटमन सही द्यायला कुरकुर करेल. पण सहा महिन्यांच्या अशा बिल्ट्या हातात असल्या की भाडं ठरवताना मालक हॉल्टिंगचा दर मागू शकतो, चार तासांपर्यंत फुकट आणि पुढे तासाला इतके असा. रात्री आठला सुटणारी गाडी सकाळी काढू असं म्हणायला त्याच्याकडे तेव्हा कारणही असेल आणि पैसेही. आणि गोदामाला थांबण्याचे पैसे मोजावे लागायला लागले की हमाल दुपारऐवजी साडेदहालाच सापडू लागतात.